शेतीवाल्या राज्याचे आकडे कसे वाचायचे, थेट आपल्या गावापर्यंत

महाराष्ट्र शेतीप्रधान राज्य आहे हे वाक्य आपण शाळेपासून लिहीत आलो, पण कुणी विचारलं की शेतीप्रधान म्हणजे नक्की किती, तर गाडी अडते. मी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, घरी कोरडवाहू शेती आणि संध्याकाळी गावातल्या अभ्यासिकेत पोरांना अर्थशास्त्राचे आकडे समजावून सांगतो. पोरं टक्केवाऱ्या घडाघडा पाठ म्हणतात पण त्या टक्केवारीत आपला बाप कुठं बसतो ते त्यांना दिसत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. परीक्षेसाठी, ग्रामसभेत बोलायला, किंवा नुसतं समजून घ्यायला, कशालाही वापरा.

आधी कागद गोळा करा. राज्याची आर्थिक पाहणी, ही दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, मराठीतही असते आणि फुकट डाउनलोड होते. दुसरी २०११ ची जनगणना, त्यातली आपल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका, तिच्यात गावागावाचा आकडा मिळतो. तिसरी कृषी गणना, ती पाच वर्षांनी होते. चौथं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, हे फार कमी लोकांना माहीत असतं पण तालुकावार पाऊस, पिकं, जनावरं, बँका सगळं एकाच ठिकाणी सापडतं. आणि पाचवा कागद घरातला, तुमचा स्वतःचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे तुमच्या नावावरची सगळी जमीन एकत्र दाखवणारा उतारा. तो बाजूला ठेवू नका, शेवटी सगळे आकडे त्याच्याशीच ताडून बघायचेत.

आता पहिलं काम. कोऱ्या कागदावर दोनच आकडे शेजारी लिहा. राज्याच्या उत्पन्नात कृषी व संलग्न क्षेत्राचा वाटा, तो साधारण १२ ते १३ टक्क्यांच्या आसपास असतो. आणि शेतीवर काम करणारे लोक किती, तर २०११ ला राज्यात काम करणारे ४.९४ कोटी, त्यातले शेतकरी १.२६ कोटी आणि शेतमजूर १.३५ कोटी, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ ५३ टक्के. शंभर रुपयांतले बारा-तेरा रुपये ५३ लोकांत वाटायचे आणि उरलेले सत्त्याऐंशी रुपये ४७ लोकांत, करून बघा भागाकार, माणशी फरक सातआठ पटीचा येतो. माणसांचा आकडा २०११ चा आणि उत्पन्नाचा अलीकडचा आहे म्हणून हा हिशोब ढोबळच धरा, शिवाय 'संलग्न' मध्ये दूध, कोंबड्या, मासेमारी, जंगल सगळं येतं, म्हणजे नुसत्या पिकांचा वाटा त्याहून कमी. पण अंदाज यायला एवढं पुरे. शेतीप्रधान म्हणजे माणसांच्या हिशोबानं, पैशाच्या हिशोबानं नाही.

याच आकड्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त लागते. २००१ ला राज्यात शेतकरी १.१८ कोटी होते आणि शेतमजूर १.०८ कोटी. दहा वर्षांनी मजूर पुढे गेले. म्हणजे दुसऱ्याच्या रानात राबणारे स्वतःच्या रानात राबणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. हा तक्ता आपल्या तालुक्यासाठी जनगणना पुस्तिकेतून नक्की काढा, मग गावात चालता चालता जे दिसतं त्याला आकडा मिळतो.

हे का झालं ते बघायला कृषी गणना उघडा. १९७०-७१ ला राज्यात वहितीची, म्हणजे कसायच्या जमिनीची, खाती ४९.५ लाख आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला खाती १.५३ कोटी आणि सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरच्या जरा वर. (हेक्टरला २.४७ ने गुणलं की एकर, एक एकर म्हणजे ४० गुंठे, सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं त्यातला एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, हे पाठच करून टाका.) जमीन तेवढीच राहिली, उलट थोडी कमीच झाली, खाती तिप्पट झाली.

आता घरचा सातबारा काढा आणि जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, बघा. आमच्या आजोबांच्या नावावर २४ एकर होती. चार मुलं, सहा सहा एकर झाली, वडिलांची आम्ही दोन पोरं, तीन तीन आली. राज्याच्या तक्त्यात जे लिहिलंय तेच आमच्या घरात दोन पिढ्यांत घडलं. आणि ही तीन एकरही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या म्हणून आहे, त्या सह्या घेताना कुणी त्यांना धड विचारलंही नव्हतं, ही गोष्ट आकड्यात कुठंच दिसत नाही पण हिशोब करताना तुमच्या मनात असू द्या. तुमच्या घराचा असा तीन ओळींचा हिशोब लिहून ठेवा, आजोबा, वडील, तुम्ही.

पुढचं काम वाढीच्या आकड्याचं, आणि इथंच सगळ्यात जास्त गल्लत होते. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत शेतीची वाढ ८.७ टक्के सांगितली. ऐकायला फार भारी. पण ही वाढ कशावर मोजली ते बघायचं, आदलं वर्ष दुष्काळी होतं, २०२३ ला पावसानं ताण दिला होता, त्यामुळं शेतीची वाढ खाली आलेली, मग पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला की टक्केवारी उडी मारणारच. म्हणून एका वर्षाचा आकडा कधीच एकटा घेऊ नका, निदान पाच वर्षांचे ओळीनं लिहा, वर खाली वर खाली असं दिसेल आणि शेजारी त्या त्या वर्षाचा पाऊस लिहिलात तर दोन्ही रेघा बऱ्यापैकी जोडीनं चालतात.

दुसरं, ही वाढ 'स्थिर किमतींना' असते. सोप्या भाषेत सांगायचं तर भाव जुन्या वर्षाचाच धरून माल किती वाढला ते मोजतात. त्याच वर्षी आपल्याकडं सोयाबीनचं काय झालं ते आठवा. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजाराच्या आसपास. आमच्या घरचा हिशोब वहीत आहे तो जसाच्या तसा देतो. एकरी सात क्विंटल झालं, ४,०५० नं गेलं, आले २८,३५०. बियाणं, खत, दोन फवारण्या, खुरपणी, काढणी, मळणी, गाडीभाडं सगळं धरून १८,५०० गेले. उरले ९,८५०, आणि यात घरच्यांची मजुरी धरलेलीच नाही. हमीभावानं विकलं गेलं असतं तर आले असते ३४,२४४ आणि उरले असते १५,७४४. भाव पडला १७ टक्के आणि हातातले पैसे कमी झाले ३७ टक्के, कारण खर्च काही भावाबरोबर खाली येत नाही. राज्याच्या तक्त्यात मात्र आमचे सात क्विंटल वाढीतच मोजले गेले असणार. म्हणून वाढ वाचताना स्थिर किमतीचा आणि चालू किमतीचा (म्हणजे त्या त्या वर्षाच्या भावानं मोजलेला) दोन्ही तक्ते बघायचे, आणि जोडीला आपल्या बाजार समितीचा त्या महिन्यातला भाव.

दरडोई उत्पन्नाचंही तसंच. २०२३-२४ चं राज्याचं दरडोई उत्पन्न २,७८,६८१ रुपये आहे, यात मुंबई, ठाणे, पुणे सगळं एकत्र कालवलेलं आहे. पाहणीत जिल्हावार तक्ता असतो, तो उघडा, वरच्या टोकाला मुंबई आणि खालच्या टोकाला नंदुरबार, गडचिरोली, वाशिम असे जिल्हे दिसतील. आणि जिल्ह्याच्या आतही तेच. आमच्या बीडमध्ये माजलगाव, गेवराईकडं जायकवाडीच्या कालव्याचं पाणी फिरतं, तिथला ऊस, तिथल्या बाजारपेठा वेगळ्या. आणि इकडं आष्टी, पाटोदा, शिरूर कासार बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, विहिरी फेब्रुवारीत तळाला जातात. जिल्ह्याची सरासरी काढली की दोघांचंही खरं चित्र पुसलं जातं.

पाण्याच्या आकड्याबद्दल थोडक्यात. २००९-१० च्या सुमारास राज्यात एकूण पिकांखालच्या क्षेत्रातलं ओलिताखालचं जेमतेम १८ टक्के होतं, त्यानंतर अनेक वर्षं आर्थिक पाहणीत त्या रकान्यात आकडाच दिला गेला नाही. मग आपण काय करायचं, तर गावात ई-पीक पाहणीच्या नोंदी बघायच्या, २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतात, त्यात जलसिंचनाचं साधन लिहावं लागतं. फक्त नोंद आणि रान दोन्ही बघा. गेल्या उन्हाळ्यात मी पोरांना घेऊन एका शिवारात फिरलो, कागदावर विहीर, खाली वाकून बघितलं तर तळाला वाळलेला गाळ आणि एक तुटलेली बादली, आणि शेजारच्या रानात टँकरनं पाणी घालून जगवलेली चौदा मोसंबीची झाडं. विहीर आहे म्हणजे ओलीत आहे असं नसतं, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं ते विचारायचं आणि वहीत महिना लिहायचा.

आता लोकसंख्या. २०११ ला राज्य ११.२४ कोटी, त्यातले ४५ टक्के शहरात. आधीच्या दहा वर्षांत खेड्यातली लोकसंख्या १० टक्क्यांनी वाढली आणि शहरातली साडेतेवीस टक्क्यांनी. रत्नागिरी, सिंधुदुर्गची तर कमीच झाली. तिथं हजार पुरुषांमागं बायका रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६, ते बघून लगेच खूश होऊ नका, पुरुष माणसं मुंबईला चाकरीला असतात म्हणून तो आकडा तसा. खरी परिस्थिती बघायची तर शून्य ते सहा वयाच्या मुलींचा रकाना बघा, कारण त्या वयात कुणी नोकरीला जात नाही. आमच्या बीडचा तो आकडा २०११ ला ८०७ होता, हजार मुलांमागं ८०७ मुली. राज्याचा ८९४. हे लिहितानाही जीव खाली वर होतो.

आणि आता ऊसतोडीचं, यावर जरा थांबतो कारण हे पुस्तकात कुणी शिकवत नाही. दिवाळीच्या मागंपुढं आमच्याकडचे कोयते निघतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ट्रॅक्टरमध्ये भांडी, अंथरुणं, शेळी, लहान पोरं घालून जायचं आणि थेट मार्चपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या तळावर कोपी बांधून राहायचं. २०११ ची मोजणी कधी झाली, ९ ते २८ फेब्रुवारी. नियम असा की त्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला गावात मोजायचं नाही, जिथं असेल तिथं मोजायचं. म्हणजे ऐन हंगामात आमची अर्धी वस्ती रिकामी, दारांना कुलपं, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं तेवढी मागं. ती माणसं कोपीवर मोजली गेली असतील तर दुसऱ्या जिल्ह्याच्या नाहीतर दुसऱ्या राज्याच्या हिशोबात गेली, आणि उसाच्या रानातली कोपी मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटली असेल तर कुठंच नाही. शिवाय एका माणसाला कामाचा एकच मुख्य रकाना. तीन एकर कोरडवाहू कसणारा आणि पाच महिने ऊस तोडणारा माणूस शेतकरी का मजूर? तो दोन्ही आहे, तक्त्यात मात्र एकच होतो.

त्यामुळं स्थलांतरवाल्या गावाचा जनगणनेतला आकडा कधीच शेवटचा धरू नका. त्याच्या शेजारी रेशनकार्डावरची माणसं, मतदार यादी, शाळेचा ऑक्टोबर आणि जानेवारीचा हजेरीपट असे आकडे मांडा. हजेरीपट तर फार बोलका असतो, आमच्या एका वस्तीशाळेत दिवाळीनंतर मागचे दोन बाक रिकामेच असतात.

२०२१ ची जनगणना राहून गेली आणि आता पुढची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे माणसं मोजायचं काम परत फेब्रुवारीतच, परत ऐन तोडीच्या हंगामात. तेव्हा ज्यांच्या गावातून कोयते जातात त्यांनी एवढं करा. २०२६ च्या दिवाळीआधी, ट्रॅक्टर भरायच्या अगोदर, घरोघर जाऊन वहीत लिहून ठेवा, कुटुंबात माणसं किती, जाणार किती, लहान पोरं किती बरोबर नेणार, कोणत्या कारखान्याकडं जाणार, परत कधी येणार. ही यादी ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा म्हणजे गावाकडं स्वतःचा लेखी आकडा राहील. जाणाऱ्या प्रत्येक जोडीला सांगा की फेब्रुवारीत तळावर मोजायला कुणी आलं नाही तर मुकादमाला आणि तिथल्या ग्रामपंचायतीला विचारायचं, आणि मोजून झालं की गावाकडं एक फोन करायचा. आमच्या वहीची पानं पोरांनी आत्तापासूनच आखायला घेतलीत, एका पानावर पाच घरं बसतात.