कोणता मिक्लोश नेमेत?

ऑलिंपिकच्या प्रश्नमंजूषेसाठी मी कार्डं लिहीत होतो. 'भालाफेक, मॉन्ट्रियल १९७६, सुवर्ण : मिक्लोश नेमेत' एवढं लिहून थांबायचं, तर उत्साहात पुढे जोडलं, 'हेच पुढे हंगेरीचे पंतप्रधान झाले.' वाचून दाखवलं, टाळ्याही मिळाल्या. दोन दिवसांनी लक्षात आलं, भालाफेकपटूचा जन्म १९४६चा, पंतप्रधानांचा १९४८चा. माणसं दोन! तेव्हापासून हंगेरियन नाव दिसलं की मी आधी पेन खाली ठेवतो.

पहिलं काम म्हणजे नाव दोन्ही बाजूंनी शोधा. हंगेरीत आडनाव आधी येतं, नेमेत मिक्लोश. बाहेरचे लोक ते उलटं करतात. उच्चारही सांभाळा. रोमन लिपीत नुसता 'एस' असेल तर 'श', आणि 'एस'नंतर 'झेड' असेल तर 'स'. आपल्या अंदाजाच्या बरोबर उलट. 'नॉज' (Nagy) या आडनावाला 'नागी' म्हणू नका.

आडनाव वेगळं वाटतंय म्हणून माणूसही एकटाच असेल, असं धरू नका. कोवाच म्हणजे लोहार, सॉबो म्हणजे शिंपी, नेमेत म्हणजे जर्मन, नॉज म्हणजे थोरला. यातलं नॉज तर तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. त्यात लास्लो, इम्रे, फेरेन्त्स ही घरोघरची नावं. गोंधळ होणारच.

मग जन्मसाल बघा, आणि अंदाजे नको, नेमकं बघा. इम्रे नॉजच घ्या. हंगेरीतल्या १९५६च्या सोव्हिएतविरोधी उठावातले पंतप्रधान १८९६चे, चित्रकार इम्रे नॉज १८९३चे. 'एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जन्मलेले' म्हणून भागत नाही. चित्रकार ट्रान्सिल्व्हेनियाचे, तो भाग तेव्हा हंगेरीत होता, आज रोमानियात आहे. त्यामुळे जन्मगावापुढे रोमानिया दिसलं म्हणून माणूस हंगेरियन नाही, असं ठरवू नका. तिसरे इम्रे नॉज १९३३चे, मॉडर्न पेंटॅथलॉनचे, म्हणजे पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेचे, खेळाडू. १९६०ला रोममध्ये सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य. वैयक्तिक सुवर्ण कुणाचं? फेरेन्त्स नेमेत यांचं. पुन्हा नेमेत!

खरी कसोटी पुढे आहे. पंतप्रधान नॉज यांना १६ जून १९५८ रोजी फाशी दिलं गेलं. बरोबर एकतीस वर्षांनी, १६ जून १९८९ला, सन्मानानं पुन्हा दफन करण्याआधी बुडापेस्टच्या हीरोज स्क्वेअरमध्ये त्यांची शवपेटी ठेवली गेली. मानवंदनेसाठी शेजारी उभ्या राहिलेल्यांत तेव्हाचे पंतप्रधान होते, मिक्लोश नेमेत. आता 'इम्रे नॉज यांच्या शवपेटीपाशी मिक्लोश नेमेत उभे होते' एवढंच लिहा आणि एखाद्या क्रीडाप्रेमीला वाचायला द्या. त्याच्या डोळ्यांसमोर दोन ऑलिंपिक पदकविजेते येतील, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून हुद्दा त्याच वाक्यात घाला, पुढच्या परिच्छेदासाठी राखून ठेवू नका.

लास्लो कोवाच यांच्या बाबतीत हुद्दा पुरतो : एक १९५६च्या उठावाचं चित्रीकरण करून देशाबाहेर पडलेले आणि पुढे हॉलिवूडमध्ये नाव कमावलेले छायालेखक, दुसरे १९९४ ते १९९८ या काळातले परराष्ट्रमंत्री. फेरेन्त्स मोल्नार तर आणखी सोपे. नाटककार मोल्नार १९५२ला वारले, आणि त्याच नावाचा आजचा गायक 'कॅरामेल' या टोपणनावानं गातो. बिचाऱ्यानं आपलं काम हलकं केलं.

शेवटी कार्ड फाडून नवं लिहिलं : 'मिक्लोश नेमेत, जन्म १९४६, भालाफेकपटू. मॉन्ट्रियलच्या अंतिम फेरीत पहिल्याच फेकीत ९४.५८ मीटर, विश्वविक्रम. वडील इम्रे नेमेत, हातोडाफेक, लंडन १९४८, सुवर्ण.' वडिलांच्या नावाखाली लाल शाईनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'हे नेमेत, नॉज नव्हे.'