इमारतीचं डिझाइन व्हीआरमध्ये तपासताना या चुका टाळा

व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून आत फिरता येणाऱ्या आभासी जगात, मॉडेल अडखळलं किंवा एखादी भिंत गायब झाली तर ते सगळ्यांना लगेच दिसतं. त्याहून घातक चूक वेगळीच असते. खोली प्रत्यक्षापेक्षा थोडी बुटकी किंवा अरुंद भासते, कुणालाच संशय येत नाही आणि त्या भासावर विसंबून सीलिंगची उंची ठरवली जाते. नकाशा आपण शंका घेत वाचतो, पण हेडसेटमधल्या खोलीत आपण ‘उभे’ असतो, त्यामुळे ती खरीच वाटते. म्हणून सर्वात आधी मापं तपासा.

माप बरोबर आहे असं गृहीत धरणं

इमारतीचं मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी स्केचअप आतून इंचात मोजतं, रेव्हिट फुटात. ते व्हीआरमध्ये दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी अनरीलमध्ये एक एकक म्हणजे १ सेंटिमीटर, युनिटीत १ मीटर. फाइल इकडून तिकडे नेताना एकक चुकलं, तर निदान घर काडेपेटीएवढं दिसून चूक उघडी पडते. जमिनीची पातळी चुकली तर तसं होत नाही. हेडसेटने जमीन १० सेंटिमीटर वर धरली, की पाहणाऱ्याचे डोळे मॉडेलमध्ये तेवढेच खाली येतात. ओटा उंच वाटतो, खिडकीची सिल (खालची कड) छातीशी येते आणि क्लायंट म्हणतो, “सिल खाली घ्या.” डिझाइनमध्ये काहीच चुकलेलं नसताना बदल होतो.

तपासणी सोपी आहे. हातात धरायचा कंट्रोलर खऱ्या फरशीवर ठेवा. मॉडेलमध्येही तो फरशीला टेकलेला दिसला पाहिजे. बसून वापरण्याचा मोड चालू असेल तर सॉफ्टवेअर डोळ्यांची उंची स्वतःच ठरवू शकतं, तेही पाहा. समोरच्या खऱ्या टेबलाएवढंच टेबल मॉडेलमध्ये त्याच जागी ठेवून हाताने चाचपलं, तर शंकेला जागाच उरत नाही.

दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक बदलतं. हेडसेट पुढच्या माणसाच्या हाती गेला की भिंगांचं अंतर पुन्हा लावायला हवं. ते चुकलं तर चित्र धूसर होतं, डोळे ताणतात आणि आकाराचा अंदाजही बिघडू शकतो.

एवढं सगळं नीट लावूनही हेडसेटमध्ये अंतरं कमी भासण्याकडे कल असतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. नव्या हेडसेटमध्ये हा फरक घटला आहे, तरी गेलेला नाही. शिवाय बऱ्याच हेडसेटमधून आडवं साधारण १०० अंशांपर्यंतच दिसतं, उघड्या डोळ्यांना सुमारे २०० अंश. म्हणून लोक ज्या खोलीत बसले आहेत तिचंच साधं मॉडेल आधी दाखवा. ओळखीची जागा इथे कशी दिसते हे डोळ्यांना कळलं, की १२०० मिलिमीटरच्या कॅरिडॉरवरचं मत जास्त भरवशाचं होतं.

अडखळणारं, थरथरणारं मॉडेल

सेकंदाला ९० फ्रेम (चित्रं) हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. ते कशात खर्च होतात? बहुतेकदा भिंतींमध्ये नव्हे, तर उत्पादकाच्या साइटवरून उतरवलेल्या, स्क्रूच्या आट्यांसकट काढलेल्या नळात आणि खुर्च्यांत. सगळ्याचाच दर्जा सरसकट कमी करू नका. फर्निचर, झाडं, रेलिंग असा एकेक गट लपवून पाहा, दोषी लवकर सापडतो.

सगळं मॉडेलच थरथरत असेल तर ते मूळ बिंदूपासून (जिथून सगळी अंतरं मोजली जातात त्या शून्यापासून) फार दूर आहे का बघा. सर्व्हेचे निर्देशांक जसेच्या तसे आले की असं होतं. जागा बऱ्याचदा ३२ बिटच्या संख्येत साठवली जाते आणि तिच्यात साधारण सातच अंक नेमके राहतात. पाच लाख मीटरवर लगतच्या दोन आकड्यांमध्ये तीन सेंटिमीटरचं अंतर पडतं. मॉडेल मूळ बिंदूजवळ आणा आणि किती सरकवलं ते लिहून ठेवा. फक्त फरशी लुकलुकत असेल तर टाइल आणि स्लॅबचे पृष्ठभाग एकाच पातळीवर आहेत, त्यातला एक काढा. भिंत एका बाजूने दिसते आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर तिचा पृष्ठभाग उलटा आहे.

चक्कर हा मात्र पाहणाऱ्याचा कमकुवतपणा समजू नका. नवख्या माणसाला जॉयस्टिकने सरकवत नेण्यापेक्षा टेलिपोर्ट (नेम धरलेल्या जागी एकदम पोचणं) द्या, पहिली फेरी १०–१५ मिनिटांत आटपा, आणि अस्वस्थ वाटलं की हेडसेट ताबडतोब काढा.

उजेडाचा निवाडा व्हीआरवर सोडणं

बऱ्याच हेडसेटचा पडदा फार तर शंभर-दोनशे निट (उजळपणाचं एकक) उजळतो; उन्हाने तळपणारी खिडकी हजारांत जाते. त्यामुळे डोळे दिपतील का, हे इथे कळणार नाही. त्यासाठी रेडिअन्ससारख्या, प्रकाशाचा हिशोब करणाऱ्या साधनाने गणित करा.

प्रश्नाशिवाय फेरफटका

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९८० च्या दशकात फ्रेड ब्रुक्स यांच्या गटाने सिटरसन हॉल ही आपली इमारत बांधली जाण्याआधीच संगणकावर उभी केली. तिच्यात फिरताना एका आडभिंतीमुळे लॉबी कोंदट वाटते हे लक्षात आलं आणि ती भिंत सरकवली गेली. व्हीआरमधून असंच नेमकं उत्तर मिळायला हवं. “कसं वाटतंय?” विचारलं की “छान” एवढंच हाती लागतं. “नर्सच्या टेबलावरून चारही खाटा दिसतात का?” असं विचारा, आणि शक्यतो नर्सलाच. चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी डोळ्यांची उंची साधारण १.२ मीटरवर आणून काउंटर पाहा, पण त्याच्याऐवजी स्वतःच निष्कर्ष काढू नका.

डक्ट (हवेची नळी) आणि बीम (तुळई) एकमेकांवर कुठे कुठे आपटतात हे शोधायला क्लॅश तपासणीचं सॉफ्टवेअर आहे. ते काम माणसाच्या डोळ्यांवर टाकू नका. व्हीआरमध्ये वाकून पाहा, की पाना धरलेला हात त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो का.

हेडसेट घातलेल्याला लिहिता येत नाही, म्हणून नोंदी घ्यायला बाहेर एक माणूस हवाच. प्रत्येक मुद्दा स्क्रीनशॉट आणि जागेसह बीसीएफमध्ये (मॉडेलवरचे मुद्दे सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण करायच्या फाइल स्वरूपात) टाका, म्हणजे तो थेट मॉडेलमध्ये त्याच ठिकाणी उघडेल. मॉडेल कोणत्या तारखेचं आहे ते मॉडेलमधल्या दारातल्या भिंतीवरच मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर गेल्या आठवड्यात हलवलेल्या जिन्यावर पुन्हा अर्धा तास चर्चा होते.