यूएसबी हेडफोनचा आवाज बिघडलाय? ड्रायव्हर बदलताना या चुका टाळा

आवाज बारीक येतोय म्हटलं की बहुतेक जण आधी रियलटेक या साउंड चिपच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर (यंत्र आणि विंडोज यांचा मेळ घालणारं सॉफ्टवेअर) टाकतात. यूएसबी हेडफोनसाठी ही मेहनत फुकट जाते. रियलटेकची चिप मदरबोर्डवरच्या गोल जॅकसाठी असते. यूएसबी हेडफोनची साउंड चिप त्याच्या स्वतःच्या आतच असते, कधी कानाच्या कपात, कधी वायरवरच्या डबीत. तिचा ड्रायव्हर वेगळा.

दुसरी घाई म्हणजे आवाजाच्या बाकीच्या जागा न तपासताच ड्रायव्हरला हात घालणं. ॲपचा स्लायडर, व्हॉल्यूम मिक्सर, वायरवरचं चाक हे सगळं आधी पाहा. फक्त कॉल चालू असताना गाणी दबत असतील तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधला ‘कम्युनिकेशन्स’ टॅब उघडा. तिथे कॉलच्या वेळी बाकीचे आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय असतो, त्याऐवजी ‘डू नथिंग’ निवडा. आणि हेडफोन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथेही तेच रडगाणं असेल तर दोष बहुधा हेडफोनमध्येच आहे.

खरी ड्रायव्हरची अडचण ओळखता येते. स्लायडर २ वर ठेवला तरी कान फाटतात, किंवा २० पर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि मग आवाज एकदम उसळतो. हेडफोन जोडला की आवाजाची किमान आणि कमाल मर्यादा डेसिबलमध्ये तो कॉम्प्युटरला कळवतो. ती चुकीची कळवली गेली किंवा ड्रायव्हरने नीट हाताळली नाही, की स्लायडरचं गणित कोलमडतं. साउंड सेटिंगमध्ये हेडफोनच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘लेव्हल्स’ टॅबमध्ये आकड्यावर राइट क्लिक करून डेसिबल निवडा, थोडासा सरकवल्यावर आकडा किती उडी मारतो ते दिसेल.

अशा वेळी ड्रायव्हर बदलून पाहणं योग्य. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’खाली आपला हेडफोन शोधा, अपडेट ड्रायव्हर, मग कॉम्प्युटरमधूनच यादी उघडून निवडा. कंपनीचा ड्रायव्हर असेल तर विंडोजचा साधा ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’ लावा. साधा असेल तर कंपनीच्या साइटवरचा. ड्रायव्हर शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र मी कुणालाच सुचवत नाही, ती नको ते गळ्यात मारतात. साधा ड्रायव्हर लावल्यावर सराउंड, इक्वलायझर यांसारख्या कंपनीच्या सोयी जाऊ शकतात, हे आधीच धरून चाला.

‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हर डिलीट करण्याच्या चौकटीत डोळे झाकून टिक करू नका. आधी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजच्या सध्याच्या स्थितीची परत जाता येईल अशी नोंद, करून ठेवा. जमलं नाही तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने जुना परत येतो.

आणि कृपा करून, बदल झाल्यावर हेडफोन लगेच कानावर चढवू नका. नव्या ड्रायव्हरबरोबर आवाज थेट १०० वर गेलेला असू शकतो. टेबलावर ठेवून, स्लायडर खाली आणून, मगच ऐका.

लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर शोधत बसू नका, तो कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाचे स्लायडर दाखवणारा प्रोग्राम उघडा, एफ६ दाबून यूएसबी कार्ड निवडा. पुष्कळदा तिथला एखादा स्लायडर खाली पडलेला सापडतो.

सगळं जमल्यावर पोर्ट मात्र बदलू नका. हेडफोनला स्वतःचा सिरियल नंबर नसेल तर दुसऱ्या पोर्टवर विंडोज त्याला नवंच यंत्र समजतं आणि तुमची सेटिंग तिथे लागू होत नाही.