गरम झाल्यावर सुरू न होणारी जुनी गाडी
खंबाटकी घाट चढून चहासाठी थांबल्यावर कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेली) जुनी गाडी पुन्हा सुरू होत नसेल, तर ती गरम असतानाच तपासावी, कारण गार झाल्यावर दोष लपतो. स्टार्टर (सेल्फ) फिरतच नसेल, तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर पाहावी. तो जोमाने फिरत असेल आणि पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. वास मुळीच नसेल, तरच सुटा स्पार्क प्लग हाय टेन्शन वायरला (प्लगकडे वीज नेणाऱ्या जाड वायरला) जोडून, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून, इन्सुलेटेड पकडीने धरून, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून ठिणगी पाहावी. ती पिवळसर व क्षीण असली, तर माझा पहिला संशय कॉइलवर, म्हणजे ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या भागावर जातो. ठिणगी निळी, कडक असेल, तर फ्युएल पंपावर ओले फडके ठेवावे. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर बहुधा पेट्रोलची वाफ होऊन त्याचा पुरवठा अडला होता.