या चुका टाळा: स्लाइड बिघडते ती मायक्रोटोमच्या आधीच

मायक्रोटोम हे मेणात बसवलेल्या टिश्यूचे (ब्लॉकचे) अतिपातळ काप, म्हणजे सेक्शन, घेणारं यंत्र. सेक्शनची सलग पट्टी म्हणजे रिबन तुटायला लागली किंवा ब्लॉकमधला टिश्यू सुटून बाहेर पडला, की आधी ब्लेड बदललं जातं. पण हिस्टोपॅथॉलॉजीत (टिश्यू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करण्याच्या शाखेत) अशा वेळी बऱ्याचदा ब्लेड निर्दोष असतं. टिश्यू दोन दिवसांपूर्वीच बिघडलेला असतो, म्हणून दोष शोधताना टिश्यू कुजू न देता टिकवणाऱ्या, म्हणजे फिक्स करणाऱ्या, फॉर्मलिनच्या बाटलीपर्यंत मागे जायला हवं.

फॉर्मलिन

१०० मिली बाजारातलं फॉर्मलिन आणि ९०० मिली पाणी एवढंच मिसळून काम भागवू नका. बफर नसलेलं हे द्रावण साठवणीत आम्लधर्मी होतं. मग प्लीहा, यकृत अशा रक्ताळ टिश्यूत तपकिरी-काळे कण बसतात आणि ते मलेरियाच्या रंगद्रव्यासारखे दिसतात. एक लिटरमागे ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घातलं, की पीएच ७ च्या आसपास राहतो. खर्च किरकोळ आहे, टाळायला काहीच कारण नाही.

फॉर्मलिनचं प्रमाण टिश्यूच्या निदान दहापट, शक्यतो वीसपट हवं. ते टिश्यूत फार सावकाश शिरतं, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. अख्खं गर्भाशय न उघडता बरणीत कोंबलं, तर बाहेरून ते कडक होतं आणि आतलं अस्तर (एंडोमेट्रियम) कुजतं. नमुना सलाइनमध्ये पाठवणं ही तर सर्रास होणारी चूक आहे. सलाइन काहीही फिक्स करत नाही. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ टिश्यू जातो, पण कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. ऑपरेशन थिएटरला रुंद तोंडाच्या बरण्या आपणच पुरवाव्यात.

स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यात घड्याळाला फार महत्त्व आहे. काढल्यापासून एका तासाच्या आत, कडांना शाई लावून आणि पॅथॉलॉजिस्टच्या सूचनेनुसार काप देऊन, तो फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे. तिथे तो किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावा. ही मर्यादा चुकली तर ईआर, पीआर, हर-२ या उपचार ठरवणाऱ्या चाचण्यांचे निकाल खोटे येऊ शकतात, आणि त्या बाईचे उपचार त्यावरच ठरणार असतात. नमुना काढल्याची आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची अशा दोन्ही वेळा फॉर्मवर लिहून घ्या.

प्रोसेसिंग

टिश्यूतलं पाणी अल्कोहोलने, मग अल्कोहोल झायलीनने काढून त्यात मेण भरणं म्हणजे प्रोसेसिंग. त्यासाठी काप ३ ते ४ मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि कॅसेट (काप ठेवायची जाळीची डबी) गच्च भरलेली नको. ब्लॉकच्या मधला भाग मऊ, चिकट लागला, तर पाणी किंवा चरबी पूर्ण निघालेली नाही असं समजा. ब्लॉक वितळवून झायलीन, मग ॲब्सोल्यूट अल्कोहोल अशा उलट्या वाटेने नेऊन पुन्हा प्रोसेस करा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा त्रास वाढतो, कारण ॲब्सोल्यूट अल्कोहोल हवेतला ओलावा ओढून घेतं. झायलीन दुधाळ दिसलं, तर आधीचं अल्कोहोल बदला. शेवटच्या अल्कोहोलच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट ठेवून त्यावर फिल्टर पेपर घातला, तर पाणी शिरताच पांढरी पूड निळी होते.

मेण त्याच्या वितळणबिंदूपेक्षा दोन-तीन अंशच वर ठेवा. जास्त तापलं तर टिश्यू आक्रसून ठिसूळ होतो. एंडोस्कोपीच्या चिमुकल्या बायोप्सी मोठ्या कापांबरोबर लांब प्रोग्रॅमवर टाकल्यावरही हेच होतं.

हाडासाठी आधी पूर्ण फिक्सेशन, मगच कॅल्शियम काढणारं आम्ल. ५ टक्के नायट्रिक आम्लात हाड ठेवून विसरलं, तर पेशींची केंद्रकं हिमॅटॉक्सिलिन हा निळा रंग घेत नाहीत. रोज ५ मिली वापरलेलं द्रावण अमोनियाने उदासीन करून त्यात तेवढंच संपृक्त अमोनियम ऑक्झलेट घाला. गढूळ झालं तर कॅल्शियम अजून निघतंय. स्वच्छ राहिलं तर हाड लगेच बाहेर काढा.

कापताना

एक सेक्शन जाड, एक पातळ येत असेल तर स्क्रू, ब्लेड होल्डर आणि ब्लॉकची पकड तपासा. रिबनवर उभी चीर येत असेल तर ब्लेडला खाच आहे किंवा टिश्यूत कॅल्शियम आहे. रिबन वाकडी जात असेल तर ब्लॉकच्या कडा समांतर नाहीत. ब्लॉक गार हवा, पण बर्फावर फार वेळ ठेवला की मेणाला तडे जातात.

रंगवताना

केंद्रकं निळी न दिसता लालसर राहिली, तर ब्लूइंगचं (हिमॅटॉक्सिलिनला निळं करणारं) पाणी आम्लधर्मी आहे. सौम्य अमोनियाचं पाणी वापरा. केंद्रकांवर तपकिरी ठिपके दिसले, तर डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं द्रव्य) लावण्याआधी झायलीन सुकलं होतं. कव्हरस्लिप झायलीनमध्ये काढून पुन्हा लावा.

सगळ्यात धोकादायक चूक

वॉटर बाथवर, म्हणजे सेक्शन पसरवायच्या कोमट पाण्यावर, तरंगणारा आधीच्या रुग्णाचा तुकडा. कर्करोगाचा कण निरोगी माणसाच्या स्लाइडवर बसला, तर त्याच्यावर नको ती शस्त्रक्रिया होऊ शकते. दर ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिश्यू पेपरने पुसून घ्या. ग्रॉसिंगची (नमुन्याचे काप घ्यायची) चिमटी आणि एम्बेडिंगचा (टिश्यू मेणात बसवायचा) फोर्सेप दर नमुन्यानंतर साफ करा. स्लाइडवर नंबर आधीच ढिगाने लिहून ठेवू नका. समोर असलेल्या ब्लॉकचाच लिहा. परका तुकडा असल्याची शंका आली, तर त्याच ब्लॉकचे आणखी खोल सेक्शन स्वच्छ पाण्यावर घ्या आणि त्या दिवशी आधी कापलेल्या ब्लॉकची यादी पॅथॉलॉजिस्टच्या हाती द्या.