कार्बन डायऑक्साइड टिपणाऱ्या पदार्थांची सिम्युलेशन्स : या चुका टाळा

कोल्हापुरात एम.एस्सी. किंवा पीएच.डी.साठी सच्छिद्र पदार्थांवर संगणकीय काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकडे प्रयोगाशी जुळले नाहीत, की संशय सर्वप्रथम प्रोग्रॅमवर जातो. बहुतेक वेळा बिघाड त्याच्या आधीचा, म्हणजे स्फटिकरचनेच्या सिफ फाईलमधला (अणूंच्या जागा नोंदवणाऱ्या फाईलमधला) असतो. छिद्रांतले द्रावकाचे रेणू काढायचे राहिलेले असतात, एकाच अणूच्या दोन पर्यायी जागा एकदम मोजल्या जातात आणि क्ष-किरणांना जेमतेम दिसणारे हायड्रोजन गायब असतात. प्रोग्रॅम याबद्दल चकार शब्द काढत नाही, आकडा मात्र देतो. म्हणून आधी अणूंची संख्या रासायनिक सूत्राशी ताडून पाहावी.

कमी दाबाला अधिशोषण (पदार्थाने छिद्रांत धरलेला वायू) अनपेक्षितपणे कमी आले, तर जाळीवरचे, म्हणजे पदार्थाच्या सांगाड्यातल्या अणूंवरचे, आंशिक विद्युतभार तपासावेत. कार्बन डायऑक्साइडला द्विध्रुव (एक टोक धन, दुसरे ऋण) नसला तरी त्याचा चतुर्ध्रुव (मध्यभाग धन, दोन्ही टोके ऋण) प्रबळ आहे, त्यामुळे भार शून्य राहिले तर पकडीचा मोठा भाग गणितातूनच निसटतो. मॅग्नेशियमच्या मॉफ-74 मध्ये (धातू व सेंद्रिय दुव्यांच्या सच्छिद्र स्फटिकात) तर धातूची जागा उघडी असते. तिथे 1992 चे सर्वसाधारण यूएफएफ फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रे) ही पकड कमी दाखवते, आणि डीएफटीवरून (इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम गणितावरून) बसवलेले प्राचल, म्हणजे सूत्रांतले आकडे, वापरावे लागतात. उलट उत्तर फुगले असेल, तर बंद पोकळ्या पाहाव्यात : मॉन्टे कार्लो ही यादृच्छिक चालींची पद्धत रेणू थेट आत टाकते, खरा रेणू तिथवर पोहोचेल की नाही हे ती विचारत नाही.

एककांचा घोळ किरकोळ वाटतो, पण कार्बन डायऑक्साइडसाठी 1 मिलीमोल प्रतिग्रॅम म्हणजे सुमारे 44 मिलीग्रॅम प्रतिग्रॅम, एवढे आलेखाशेजारी लिहून ठेवलेले बरे.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक वेगळीच आहे. 298 केल्विन आणि 1 बार दाबाला, शुद्ध व कोरड्या वायूत मिळालेल्या आकड्यावरून पदार्थांची क्रमवारी लावली जाते, आणि प्रस्तावनेत मात्र साखर कारखान्याच्या चिमणीचा उल्लेख असतो. गळीत हंगामात बॉयलरमध्ये जाणाऱ्या बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) वजनाने जवळपास निम्मे पाणी असते. त्यामुळे तो धूर वाफेने भरलेला असतो, त्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा नायट्रोजन कितीतरी जास्त असतो, आणि 13एक्स झिओलाइट या सच्छिद्र सिलिकेटसारखा कोरड्या वायूत उत्तम ठरणारा पदार्थ तिथे आधी पाणीच धरून बसतो.

यासाठी दोन्ही वायूंबरोबर पाण्याचाही हेन्री गुणांक (अगदी कमी दाबाला पदार्थ रेणूला किती धरतो याचे माप) काढावा, आणि पाण्याचा फारच मोठा आला तर तो पदार्थ यादीत खाली न्यावा किंवा धूर वाळवण्याचा खर्च हिशेबात धरावा. तो लहान आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण हा गुणांक एकट्या रेणूचा असतो आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून छिद्र अचानक भरून टाकू शकतात. मिश्रणाचे सिम्युलेशन त्याच आर्द्रतेला चालवावे, आणि पाणी संथपणे स्थिरावत असल्याने एक धाव रिकाम्या व दुसरी पाण्याने भरलेल्या जाळीपासून सुरू करून दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी येतात का, ते पाहावे.