मायक्रोप्लास्टिकने शिंपल्याची प्रतिकारशक्ती घटते का, हे तपासायचं कसं

शिंपल्यांवर मायक्रोप्लास्टिकचा, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक कणांचा, प्रोजेक्ट करायचाय असं कुणी म्हटलं की मी आधी एकच विचारते, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची टाकी, कशाची घेणार? बहुतेक जण स्वच्छ पाणी म्हणतात आणि तिथेच गाडी घसरते, कारण शिंपला जगतोच पाणी गाळून, बारीक गाळ तर त्याच्या कल्ल्यांवर रोजच येतो. म्हणून तीन टाक्या ठेवा, एकीत नुसतं समुद्राचं पाणी, दुसरीत प्लास्टिक, तिसरीत तेवढ्याच साइझचे मातीचे कण. माती आणि प्लास्टिक दोन्हीचा परिणाम सारखाच आला तर दोष प्लास्टिकचाच असं म्हणता येत नाही!

प्लास्टिक म्हणून विकतचे पॉलिस्टायरीनचे बारीक मणी आणलेत तर ते तसेच ओतू नका. ते ज्या द्रावणात येतात त्यात बऱ्याचदा सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) असतं, कधी जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम अझाइडसुद्धा, आणि हे अझाइड तर स्वतःच विष आहे, त्यामुळे ग्लोव्ह्ज घालून मणी आधी नीट धुऊन घ्या.

आता मोजायचं काय? शिंपल्याला अँटीबॉडी नसतात, सगळी भिस्त हिमोसाइट नावाच्या रक्तपेशींवर. या पेशी जंतू गिळतात आणि लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांमध्ये, पचवतात. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये स्टारफिशच्या अळीत काटा टोचून पेशी त्याच्याभोवती जमताना पाहिल्या, त्याच जातीचं हे काम. पण प्लास्टिक गिळलं तरी पचत नाही ना. २०१२ च्या एका अभ्यासात पॉलिइथिलीनचे कण निळ्या शिंपल्याच्या पचनग्रंथीत थेट लायसोसोमपर्यंत पोचलेले दिसले, आणि लायसोसोमचं आवरण कमकुवत झालं होतं. आपण रक्तपेशींत हेच आवरण तपासायचं.

सिरिंजमध्ये थोडं सलाइन घ्या, शिंपला मिटून धरणारा मागचा जाड स्नायू असतो त्यात सुई घालून हलक्या हाताने रक्त ओढा, जोरात ओढलंत तर पेशी फुटतात. थेंब स्लाइडवर टाकून ओलसर डब्यात पंधरा मिनिटं ठेवा म्हणजे पेशी काचेला चिकटतील, मग न्यूट्रल रेड रंग घाला आणि पुन्हा पंधरा मिनिटं थांबा. मायक्रोस्कोपखाली पेशीत लालसर ठिपके दिसतील, ते लायसोसोम. आता दर पंधरा मिनिटांनी बघत राहा. हळूहळू ठिपक्यांच्या कडा पुसट होतात, रंग बाहेर झिरपून अख्खी पेशी गुलाबी होते आणि पसरलेली पेशी गोल होत जाते. निम्म्या पेशींचं असं झालं की वेळ लिहा. वेळ जितका कमी तितका शिंपला ताणाखाली.

डोस अवाच्या सवा ठेवू नका, समुद्रात कधी नसेल एवढं प्लास्टिक ओतून शिंपला आजारी पाडला तर त्यातून समुद्राबद्दल काहीच कळत नाही. लिटरमागे किती कण आणि किती वजन, दोन्ही लिहा. आणि स्लाइडवर टाकीचं नाव नको, फक्त नंबर टाका, मोजणाऱ्याला मोजून होईपर्यंत कुठली स्लाइड कशाची हे कळताच कामा नये.